पीटर स्लोली आणि ओटावाचे अठरा दिवस

१५ फेब्रुवारी २०२२, मंगळवार. कॅनडाच्या राजधानीचे, म्हणजे ओटावाचे पोलिसप्रमुख पीटर स्लोली यांनी राजीनामा दिला. आदल्याच दिवशी केंद्र सरकारने १९८८ सालचा आणीबाणी कायदा पहिल्यांदा वापरात आणला होता. कोविडच्या निर्बंधांविरुद्ध निदर्शनं करायला आलेल्या ट्रकांच्या रांगा संसदेसमोरच्या वेलिंग्टन स्ट्रीटवरून तिसऱ्या आठवड्यातही हललेल्या नव्हत्या. स्लोली गेले, १८ तारखेला मोठी कारवाई सुरू झाली आणि २० तारखेच्या रविवारपर्यंत रस्ता रिकामा झाला. हे प्रमुख असताना शहर अडकलं आणि ते गेल्यावर सुटलं, एवढंच शेजारी शेजारी ठेवलं की निकाल आपोआप लागतो. तेव्हा तो तसा लागलाही.

पुढे आणीबाणी कायद्याच्या वापराबद्दल चौकशी आयोग बसला. न्यायमूर्ती पॉल रूलो यांनी १७ फेब्रुवारी २०२३ रोजी अहवाल दिला. त्यात स्लोली यांच्या चुका एकेक करून मांडल्या आहेत. पण त्यातल्या काही चुका इतरांनी इतक्या फुगवून सांगितल्या की बळीचा बकरा शोधला जात होता असं वाटावं, असंही तिथे नोंदवलं आहे. स्लोली यांच्या हेतूंबद्दल शंकेचा फायदा त्यांना क्वचितच मिळाला, हेही आयोगाचंच निरीक्षण.

माझ्या मते या दोन गोष्टी सुट्या नाहीत. चुका खऱ्या होत्या आणि त्या फुगवल्या गेल्या, या दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. खातं बदलण्यासाठी म्हणून बाहेरून आणलेल्या माणसाकडे खात्यातल्या विश्वासाची शिल्लक नसते. रोजच्या कारभारात ती नसली तरी चालून जातं, संकटात मात्र पहिल्या तासापासून तीच लागते. हे का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

किंग्स्टनहून टोरांटो

स्लोली यांचा जन्म १९६६ सालचा, जमैकातल्या किंग्स्टनचा. दहा वर्षांचे असताना ते कुटुंबासोबत कॅनडात आले. तरुणपणी फुटबॉल हेच त्यांचं जग होतं. टोरांटो ब्लिझार्ड या व्यावसायिक संघाकडून ते खेळले आणि कॅनडाच्या राष्ट्रीय संघाची जर्सीही त्यांनी घातली. मॅकमास्टर विद्यापीठातून समाजशास्त्राची पदवी, पुढे यॉर्क विद्यापीठातून एमबीए. १९८८ मध्ये ते टोरांटो पोलिसांत शिपाई म्हणून दाखल झाले. मधल्या काळात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत कोसोव्होला जाऊन तिथल्या कॅनेडियन पोलिस तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं. २००९ मध्ये ते टोरांटोचे उपप्रमुख झाले, तेव्हा प्रमुख होते बिल ब्लेअर. हे नाव लक्षात ठेवायला हवं, कारण ते २०२२ मध्ये अनपेक्षित जागी पुन्हा भेटतं.

उपप्रमुख असताना स्लोली यांच्याकडे आलेलं सर्वांत अवघड काम होतं ‘कार्डिंग’चं. पोलिसांनी रस्त्यात कुणालाही थांबवायचं, गुन्ह्याचा संशय असो वा नसो. नाव काय, राहतोस कुठे, बरोबर कोण आहे हे विचारून कार्डावर उतरवायचं आणि ती माहिती खात्याच्या संगणकात कायमची ठेवायची. ‘टोरांटो स्टार’ या दैनिकाने पोलिसांचीच आकडेवारी काढून दाखवलं, की या कार्डांवर कृष्णवर्णीय तरुणांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्याशी मुळीच जुळत नाही. स्लोली यांच्या देखरेखीखाली खात्याने स्वतःचा आढावा घेतला आणि २०१३ मध्ये ३१ शिफारशींचा अहवाल निघाला. जमैकन वंशाचा वरिष्ठ अधिकारी जमैकन वंशाच्या मुलांना रस्त्यात अडवण्याच्या पद्धतीचा हिशोब मांडतो आहे, हे वस्त्यांमध्ये लोकांना भावलं. खात्यात सगळ्यांनाच भावलं असं नाही.

२०१५ मध्ये ब्लेअर निवृत्त झाले. त्यांच्या जागेसाठी ज्यांची नावं सर्वाधिक चर्चेत होती ते दोन्ही उपप्रमुख कृष्णवर्णीय होते आणि दोघांचीही मुळं जमैकातली. मार्क सॉन्डर्स यांची निवड झाली आणि टोरांटोचे पहिले कृष्णवर्णीय प्रमुख ते ठरले. म्हणजे ‘पहिला’ होण्याचा मान स्लोली यांच्या हातून दुसऱ्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याकडे गेला. ही गोष्ट केवळ रंगाची म्हणून वाचणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. त्या निवडीत सुधारक म्हणून नाव झालेला माणूस मागे राहिला आणि खात्याला अधिक ओळखीचा वाटणारा पुढे गेला.

जानेवारी २०१६ मध्ये स्लोली एका जाहीर कार्यक्रमात बोलले. टोरांटो पोलिसांचं अंदाजपत्रक तेव्हा १ अब्ज डॉलर ओलांडत होतं. घटना घडल्यावर धावत जायचं, हीच आपली पद्धत आहे, ती महागडी आहे आणि अधिकारी शेकड्यांनी कमी करूनही काम भागेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. कर्मचारी संघटना भडकली. फेब्रुवारीत स्लोली यांनी नोकरी सोडली आणि ते डेलॉइट या सल्लागार कंपनीत गेले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा असा शेवट झाल्यावर माणूस पुन्हा वर्दीकडे वळेल असं वाटलं नव्हतं.

बाहेरचा प्रमुख

२८ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांनी ओटावाच्या प्रमुखपदाची शपथ घेतली. ओटावाला मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय पोलिसप्रमुख. शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात, आणि पोलिसांबद्दलचा अविश्वास ताजा. २०१६ च्या जुलैत सोमाली वंशाच्या ३७ वर्षांच्या एका मनोरुग्ण माणसाचा अटकेच्या झटापटीनंतर मृत्यू झाला होता. त्या प्रकरणातल्या अधिकाऱ्यावरचा खटला स्लोली यांच्या काळात निकाली निघाला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तो अधिकारी निर्दोष सुटला. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि पोलिसांचा पैसा कमी करा ही मागणी ओटावाच्या नगरसभागृहापर्यंत पोचली.

यात स्लोली दोन्हीकडून सापडले. वंशभेद पोलिस खात्यात मुरलेला आहे हे ते जाहीरपणे मान्य करत, म्हणून खात्यातले अनेक जण दुखावलेले. अंदाजपत्रकात कपात मात्र ते मान्य करत नसत, म्हणून ज्या संघटनांनी त्यांचं स्वागत केलं त्यांनाही ते आपले वाटेनात. वरच्या फळीतली माणसं स्थिर नव्हती, उपप्रमुखांच्या जागेवर हंगामी नेमणुका चालू होत्या, कर्मचारी संघटनेशी संबंध ताणलेले होते. हे सगळं जानेवारी २०२२ च्या आधीचं आहे. तेव्हा रस्त्यावर एकही ट्रक नव्हता.

इथे कॅनडाची व्यवस्था सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुंबईच्या पोलिस आयुक्ताला राज्याचं गृहखातं नेमतं आणि नको असेल तर बदली करून मोकळं होतं. ओटावात तसं नाही. शहर पोलिसांवर एक नागरी मंडळ असतं. त्यात काही नगरसेवक, काही प्रांताने नेमलेले नागरिक. प्रमुख कोण असावा, पैसा किती आणि धोरण काय हे मंडळ ठरवतं, पण अमक्याला अटक करा, तमका रस्ता मोकळा करा असं ते सांगू शकत नाही. महापौर जिम वॉटसन मंडळावर नव्हते. अध्यक्षा होत्या नगरसेविका डायान डीन्स. त्याच शहरात ओंटारियो प्रांताचे पोलिस, म्हणजे ओपीपी, आणि केंद्राचे आरसीएमपी आपापल्या हद्दींत काम करतात. संसदेच्या आवाराला वेगळी सुरक्षा यंत्रणा आहे, तर आवारासमोरचा वेलिंग्टन स्ट्रीट मात्र शहर पोलिसांकडे. नदी ओलांडली की गातिनो, म्हणजे दुसरा प्रांत आणि दुसरे पोलिस. शांत दिवसांत ही रचना कुणाच्या लक्षातही येत नाही.

दोन दिवसांचे पाहुणे

१५ जानेवारी २०२२ पासून, लस न घेतलेल्या कॅनेडियन ट्रकचालकांना अमेरिकेतून परतताना विलगीकरण सक्तीचं झालं. त्याविरुद्ध पश्चिमेकडून ट्रकांचा ताफा निघाला आणि वाटेत कोविडच्या सगळ्याच निर्बंधांवरचा राग त्याला येऊन मिळाला. २८ जानेवारीला पहिले ट्रक ओटावात शिरले, २९ तारखेच्या शनिवारी मुख्य ताफा आला.

हे लोक आठवड्याच्या शेवटी येतील आणि सोमवारपर्यंत जातील, असा शहर पोलिसांचा होरा होता. याआधी असंच होत आलं होतं. राजधानीत निदर्शनं ही नेहमीची बाब, वर्षानुवर्षांचा अनुभव हाताशी, त्यामुळे होरा अगदीच निराधार नव्हता. पण उलट सांगणारे कागदही होते. ओपीपीच्या गुप्तवार्ता विभागाचे ‘हेंडन’ नावाचे अहवाल सांगत होते, की या लोकांच्या परतीची तारीख ठरलेली दिसत नाही. २५ जानेवारीला शहरातल्या हॉटेल संघटनेने कळवलं, की आयोजकांपैकी कुणीतरी दहा ते पंधरा हजार माणसांसाठी किमान ३० आणि कदाचित ९० दिवस खोल्या मिळतील का असं विचारत आहे. या प्रकरणात मला सर्वांत बोलका वाटतो तो हा निरोप. दोन दिवसांसाठी येणारा माणूस तीन महिन्यांच्या खोल्या विचारत नाही. तो निरोप मिळाला, नोंदवला गेला आणि योजनेत त्याने काहीच बदललं नाही.

गुप्तवार्तेचं काम उपप्रमुख स्टीव्ह बेल यांच्या अखत्यारीत होतं. अंतिम जबाबदारी अर्थातच प्रमुखांची, आणि आयोगाने ती त्यांच्यावर ठेवली. पण स्लोली यांच्यानंतर हंगामी प्रमुख झाले ते हेच बेल, हेही ध्यानात असू द्या.

ट्रकांना शहराच्या मध्यभागी येऊच का दिलं, हा पुढचा प्रश्न. पोलिसांचा समज असा होता, की शांततेने जमण्याचा हक्क घटनेने दिलेला असताना आधीच रस्ते बंद करता येणार नाहीत. यातली गफलत आज कुणालाही दिसते. माणसाला फलक घेऊन संसदेसमोर उभं राहण्याचा हक्क आहे, म्हणून अठरा चाकांचा ट्रकही तिथे उभा करण्याचा हक्क मिळत नाही. पण एकदा तो ट्रक उभा राहिला, चाकं काढून ठेवली, आत चूल पेटली, की तो हलवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. ओढून नेणारी अवजड वाहनं ज्यांच्याकडे होती ते ठेकेदार तयार होईनात, काही भीतीने, काही उद्याचं गिऱ्हाईक तुटेल म्हणून. ८ फेब्रुवारीला पोलिसांनी सांगितलं, की उभ्या असलेल्या सुमारे ४१८ ट्रकांपैकी जवळपास पाव ट्रकांमध्ये मुलं आहेत. थंडी शून्याच्या खाली वीस-वीस अंश.

शहरातल्या लोकांचे हाल मात्र पहिल्या रात्रीपासून सुरू झाले होते. ट्रकांचे आणि रेल्वेचे असतात तसले भोंगे दिवसरात्र वाजत. डिझेलचा धूर घरांत शिरे. मास्क लावला म्हणून लोकांना शिव्या खाव्या लागल्या. बेघरांच्या निवाऱ्यात जाऊन निदर्शकांनी जेवण मागितलं, अज्ञात सैनिकाच्या समाधीवर कुणी नाचलं, गर्दीत स्वस्तिकाचे नाझी झेंडे दिसले. शहरातला सर्वांत मोठा मॉल बंद पडला. शेवटी एका तरुण रहिवासी स्त्रीने कोर्टात धाव घेतली आणि ७ फेब्रुवारीला भोंग्यांवर दहा दिवसांची बंदी आली. पोलिसांना जे जमत नव्हतं ते एका नागरिकाच्या दाव्याने केलं, हे ओटावाकर विसरलेले नाहीत.

जाता जाता एक आठवण. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या वेशीवरच्या शेतकरी आंदोलनाबद्दल कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी शांततापूर्ण निदर्शनांच्या हक्काची बाजू घेतली होती. ओटावात ट्रक उभे राहिल्यावर त्यावरून आपल्याकडे पुष्कळ टोमणे मारले गेले. टोमणा मजेशीर होता, पण ओटावाचा पोलिसप्रमुख ट्रूडोंच्या हुकमाखाली नव्हता, हे टोमणे मारणाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

२ फेब्रुवारीचं वाक्य

पहिला आठवडा सरत असताना, २ फेब्रुवारीला, स्लोली जाहीरपणे म्हणाले की या निदर्शनावर कदाचित पोलिसी उपाय नसेल. नेमका रोख असा होता की प्रश्न राजकीय आहे, देशभरचा आहे आणि एका शहराच्या पोलिसांच्या आवाक्यातला नाही.

या वाक्यामागे त्यांची सगळी कारकीर्द उभी होती. टोरांटोत २०१६ साली ते हेच सांगत होते, की समाजाचा प्रत्येक प्रश्न पोलिसाच्या गळ्यात बांधू नका. वाक्य म्हणून ते चुकीचं नव्हतं. पण ऐकणाऱ्याला त्यातून काय मिळालं? रात्रभर भोंगे ऐकत जागलेल्या माणसाला कळलं की पोलिसांनी हात टेकले. निदर्शकांना कळलं की आपण जिंकतोय. आणि प्रांत व केंद्र सरकारला कळलं की हा प्रमुख हे प्रकरण आपल्या दारात आणून टाकतोय. विचारवंत म्हणून बोललेलं वाक्य सेनापतीच्या तोंडून निघालं. माझ्या मते स्लोली यांची सर्वांत महागात पडलेली चूक ही, जरी आयोगाने अधिक भर दुसऱ्या चुकांवर दिला असला तरी.

५ फेब्रुवारीपर्यंत आरसीएमपीच्या आयुक्त ब्रेंडा लकी यांनी ओपीपीचे आयुक्त थॉमस कॅरिक यांना खासगी निरोप पाठवला होता, की केंद्र सरकारचा ओटावा पोलिसांवरचा विश्वास उडत चालला आहे किंवा उडालाच आहे. स्लोली यांना हा निरोप तेव्हा दाखवला गेला नव्हता. त्या मंत्रिमंडळात आपत्कालीन सज्जतेचे मंत्री कोण होते? बिल ब्लेअर. स्लोली यांचे टोरांटोतले जुने साहेब.

आधी माणसं की आधी योजना

७ फेब्रुवारीला वॉटसन आणि डीन्स यांनी केंद्राला आणि प्रांताला पत्र लिहून जादा १,८०० जण मागितले. त्यात १,००० नियमित पोलिस, ६०० दंगल नियंत्रणाचे, १०० तपास अधिकारी आणि १०० नागरी कर्मचारी. आकडा जाहीर झाला आणि तिथेच गाडी अडकली. ओपीपी आणि आरसीएमपी विचारत होते, की ही माणसं नेमकी कुठे वापरणार ती योजना दाखवा, मग पाठवतो. स्लोली म्हणत होते, की किती माणसं मिळणार तेच ठाऊक नसताना योजना कशाची आखू? ओपीपीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने आयोगासमोर असंही सांगितलं, की गरजेच्या दुप्पट माणसं मागा असं स्लोली एका बैठकीत म्हणत होते.

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. विश्वास असता तर हा वाद फोनवर अर्ध्या तासात मिटला असता. विश्वास नसल्यामुळे तो पत्रांत, पत्रकार परिषदांत आणि मंत्र्यांच्या आकड्यांत गेला. केंद्राचे मंत्री सांगत, आम्ही इतके आरसीएमपीचे जवान दिले. शहर म्हणे, त्यातले बरेचसे तर संसदेच्या आणि बड्या लोकांच्या संरक्षणाला लावलेत, आमच्या रस्त्यावर किती आहेत ते सांगा. प्रांताचे मुख्यमंत्री डग फोर्ड त्रिपक्षीय बैठकांना आलेच नाहीत. जूनमध्ये त्यांची निवडणूक होती. ट्रूडो यांनी वॉटसन यांच्याशी बोलताना, फोर्ड राजकीय कारणांसाठी जबाबदारीपासून लपताहेत असं म्हटल्याचं नंतर कागदोपत्री बाहेर आलं. एकूण काय, वरच्या दोन्ही सरकारांना हा प्रश्न शहराचाच राहिलेला हवा होता.

स्वतःच्या घरातली लढाई

आता स्लोली यांच्या खऱ्या चुका. मोठ्या बंदोबस्ताची साखळी तीन पायऱ्यांची असते. वरचा स्तर धोरण ठरवतो, मधला योजना करतो, खालचा रस्त्यावर राबवतो. प्रमुखाने त्याही वर राहायचं, अडथळे दूर करायचे, पैसा आणि माणसं आणायची. स्लोली खाली उतरले. कुठला चौक आधी मोकळा करायचा इथपर्यंत ते लक्ष घालू लागले. मुख्य कमांडर काही दिवसांतच एकापाठोपाठ बदलले गेले. निदर्शकांशी बोलणारं खास पथक चौकाचौकांत काहीतरी जमवून आणत असतानाच दुसरीकडून कारवाई होई आणि जमवलेलं मोडे.

या पथकाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. १९९५ मध्ये ओंटारियोतल्या इपरवॉश इथे जमिनीच्या हक्कासाठी बसलेल्या आदिवासी निदर्शकांवर ओपीपीने गोळी चालवली आणि डडली जॉर्ज हे निदर्शक मारले गेले. त्याच्या चौकशीचा अहवाल २००७ मध्ये आला. आधी बोला, विश्वास कमवा, बळ शेवटी, ही ओंटारियोतल्या पोलिसांची आजची शिकवण त्या मृत्यूतून पक्की झाली. म्हणजे २०२२ मध्ये ‘पोलिस नुसते बोलत का बसलेत’ असं ज्यांना वाटत होतं त्यांचं उत्तर पंचवीस वर्षं जुनं होतं. बोलणं चूक नव्हतं, पण बोलणारे आणि कारवाई करणारे एका योजनेत नव्हते.

स्लोली यांचा संशयही वाढत गेला. बैठकीतलं बोलणं बाहेर फुटत होतं, हे खरं होतं. योजनेला जो सुरुंग लावेल त्याला मी चिरडून टाकीन, अशा अर्थाचं ते एका बैठकीत बोलल्याची नोंद आयोगासमोर आली. ८ फेब्रुवारीला ओपीपी आणि आरसीएमपीचे नियोजन अधिकारी मदतीला आले, तेव्हा त्यांचं स्वागत मदतनिसांसारखं न होता परीक्षकांसारखं झालं, असं त्या अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितलं. एकटा पडलेला माणूस सगळी सूत्रं स्वतःकडे ओढतो, आणि सूत्रं ओढली की आणखी एकटा पडतो.

आणि तरीही, १० फेब्रुवारीला अधीक्षक रॉबर्ट बर्निअर यांच्याकडे सूत्रं गेल्यावर कामाला आकार आला. तिन्ही पोलिस दलांची एकत्र योजना पुढच्या तीन-चार दिवसांत उभी राहिली. स्लोली तेव्हा प्रमुख होते. १८ तारखेला जे घडलं त्याचा पाया त्यांच्याच कारकिर्दीतला आहे, हे तेव्हाच्या बातम्यांत जवळपास कुठे नव्हतं. आणीबाणी कायदा नसता तरी आपली योजना राबवता आली असती, अशी साक्ष बर्निअर यांनी पुढे दिली. (केंद्रीय न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये तो कायदा लावण्याचा निर्णय अवाजवी ठरवला. रूलो यांनी मात्र नाखुशीने का होईना, तो निकषांत बसतो असं म्हटलं होतं. तो वाद वेगळा.)

मंडळाचं काय?

सगळ्या गोंधळात सर्वांत कमी चर्चा झाली ती पोलिस मंडळाची, आणि माझा राग तिथेच जास्त आहे. डीन्स आणि सदस्य प्रमुखांकडे योजना मागत होते. स्लोली सांगत, कारवाईचा तपशील तुम्हाला देता येत नाही, तुम्ही त्यात हस्तक्षेप करू शकत नाही. मंडळ तिथे थबकलं. वास्तविक २०१० च्या टोरांटोतल्या जी-२० परिषदेत पोलिसांनी सरसकट धरपकड केली, त्यानंतर न्यायमूर्ती जॉन मॉर्डन यांनी २०१२ मध्येच स्पष्ट केलं होतं, की हुकूम देता येत नाही याचा अर्थ प्रश्न विचारता येत नाही असा नाही. मंडळाने योजना बघावी, उद्दिष्ट काय ते विचारावं, साधनं पुरेशी आहेत का ते तपासावं. स्लोली तेव्हा टोरांटोतच उपप्रमुख होते. हा धडा त्यांना तोंडपाठ असायला हवा होता. मंडळालाही.

राजीनाम्यानंतर मंडळाने जे केलं ते बघा. डीन्स यांनी ओंटारियोतल्याच वॉटर्लूचे माजी पोलिसप्रमुख मॅट टोरिजियन यांना हंगामी प्रमुख म्हणून ठरवलं. कारवाईला दोन दिवस उरले असताना नवा प्रमुख आणण्याच्या कल्पनेने महापौर संतापले. १६ फेब्रुवारीच्या सभेत डीन्स यांना अध्यक्षपदावरून हटवलं गेलं, काही सदस्यांनी राजीनामे दिले, टोरिजियन आलेच नाहीत आणि सूत्रं बेल यांच्याकडे गेली. एका आठवड्यात प्रमुख गेला आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारं मंडळही मोडलं.

साक्ष

२८ ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे शपथेला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, स्लोली आयोगासमोर उभे राहिले. आपल्या शिपायांबद्दल बोलताना त्यांना रडू कोसळलं. ती माणसं अमानुष परिस्थितीत जमेल तेवढं करत होती, थंडी फार होती, सगळंच फार होतं, असं ते म्हणाले. उलटतपासणीत मात्र ते ताठ होते आणि चुका मान्य करायला फारसे राजी नव्हते. गुप्तवार्तेवरून, कमांडर बदलण्यावरून, संशयावरून त्यांना घेरलं गेलं तेव्हा लांबलचक, सल्लागारी थाटाची उत्तरं आली. साक्ष वाचताना मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटत राहिली आणि चीडही येत राहिली.

वंशाचा प्रश्न उरतो. आयोगाच्या अहवालाच्या तोंडी मी वंशद्वेषाचा निष्कर्ष घालणार नाही. पण ज्या खात्यात आधीच्या सव्वादोन वर्षांत ‘तुमच्यात वंशभेद मुरलाय’ असं प्रमुखाने सांगितलं होतं, त्या खात्यात संकटाच्या वेळी त्याच्या प्रत्येक वाक्याचा वाईटात वाईट अर्थ काढायला माणसं तयार बसलेली असणार, हे ओळखायला आयोगाची गरज नाही. त्याच चुका खात्यात वाढलेल्या एखाद्या प्रमुखाने केल्या असत्या तर? हेंडन अहवाल त्याच्याही नजरेतून सुटले असते कदाचित. पण त्याच्या पाठीमागे चार जण उभे राहिले असते, आणि बैठकीत काय झालं हे बाहेर सांगताना त्यांनी थोडं सावरून सांगितलं असतं.

म्हणूनच मला वाटतं, स्लोली यांना नेमणाऱ्यांचं काम ऑक्टोबर २०१९ मध्ये संपलं नव्हतं, तिथे सुरू झालं होतं. बदल घडवायला माणूस आणायचा तर त्याला विश्वासाची दुसरी फळी बांधून द्यावी लागते, उपप्रमुखांच्या जागा भरून द्याव्या लागतात, संघटनेशी तो भांडतो तेव्हा जाहीरपणे त्याच्या बाजूने उभं राहावं लागतं. यातलं फारसं काही झालं नाही. मंडळाने ‘पहिला कृष्णवर्णीय प्रमुख’ नेमल्याचं समाधान मानलं, आणि स्लोली यांनीही स्वतःच्या हुशारीवर नको तितका भरवसा टाकला.

२१ ऑक्टोबर २०२२ रोजी ओटावाच्या मंडळाने एरिक स्टब्ज यांना प्रमुख नेमलं. ते आरसीएमपीचे अधिकारी, ब्रिटिश कोलंबियातून आलेले. शहराच्या निवडणुकीला तीन दिवस बाकी होते आणि मावळत्या मंडळाने एवढी घाई का केली, निवडून येणाऱ्या सभागृहासाठी ही नेमणूक थांबवायला काय हरकत होती, असा सवाल तेव्हा अनेकांनी केला. स्लोली यांची आयोगासमोरची साक्ष अजून आठवडाभर दूर होती.